डोकं दुखतंय का?

युगांडाहून परत आल्यापासून ज्याला त्याला एकच प्रश्न पडलाय. "मग, समिट झालं का?" ऑफिसात, लिफ्टमध्ये, कट्ट्यावर, मावशीच्या फोनवर. (मावशी 'समिट' म्हणत नाही, ती "वरपर्यंत गेलास ना रे?" म्हणते.) मी "नाही, थोडक्यात राहिलं, तब्येत बिघडली" असं सांगून विषय संपवतो. हे खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. आज शनिवार आहे, चहा झालाय, बाहेर जायचा कंटाळा आलाय. तर म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

प्रोजेक्टच्या निमित्ताने मी सहा महिने कंपालात होतो. एका टेलिकॉम कंपनीची बिलिंग सिस्टीम जुन्यावरून नव्यावर न्यायची होती. माझ्याबरोबर आमच्या टीममधला एक टेस्टर होता. स्वतःचं नाव इथे छापायची परवानगी त्याने दिलेली नाही, त्यामुळे त्याला आपण टेस्टरच म्हणू. दोघेही पुण्याचे, दोघेही सह्याद्रीत पडीक. कंपालात पोटाची चिंता नव्हती. तिथे नाक्यानाक्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला 'रोलेक्स' म्हणतात, आणि चपातीला तिथेही चपातीच म्हणतात. पण दर रविवारी पाय शिवशिवायचे त्याचं काय करायचं?

आफ्रिकेतला डोंगर म्हटलं की सगळ्यांना किलिमांजारो आठवतो. आम्हालाही तोच आठवला. पण तो टांझानियात, आणि आमच्याच देशात, दिवसभराच्या प्रवासावर, रुवेंझोरी आहे हे कळल्यावर टेस्टरने चार रात्री जागून माहिती काढली आणि सोमवारी जेवताना ठराव पास झाला.

किलिमांजारो हा एकटा उभा असलेला ज्वालामुखी. रुवेंझोरी ही चक्क रांग आहे, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरची, सुमारे १२० किलोमीटर लांब. ती ज्वालामुखीतून झालेली नाही. जमीन फाटून तिथे मोठी खचदरी तयार झाली आणि तिच्या कडेचा खडकाचा एक अवाढव्य ठोकळा वर उचलला गेला, तोच हा पर्वत. त्यात सहा मोठे डोंगर आहेत. सर्वांत उंच स्टॅनले, आणि त्याचं मार्गारिटा शिखर ५१०९ मीटर. किलिमांजारो आणि माउंट केनियानंतर आफ्रिकेत तिसरा नंबर. विषुववृत्त शिखरापासून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, आणि वर बर्फ! दुसऱ्या शतकात टॉलेमीने लिहून ठेवलं होतं की नाईलला पाणी 'चंद्राच्या पर्वतां'वरून येतं. ते पर्वत म्हणजे हेच, असं बरेच जण मानतात. हा डोंगर बहुतेक वेळ ढगात बुडालेला असतो. हेन्री स्टॅनलेला १८८८ मध्ये त्याचं बर्फ दिसलं, आणि १९०६ मध्ये इटलीच्या ड्यूक ऑफ अब्रुझीने पहिल्यांदा मार्गारिटा सर केलं. नाव अर्थातच इटलीच्या राणीचं.

१९९१ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि गाईडशिवाय आत जाता येत नाही. हे वाचून आम्ही दोघांनी नाक मुरडलं होतं. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेली आणि अलंग-मदन-कुलंग दोनदा केलेली माणसं आम्ही, आम्हाला गाईड कशाला? आता एक आकडा सांगतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. रुवेंझोरीच्या पायथ्याचं गाव न्याकालेंगिजा, तेही साधारण तेवढ्याच उंचीवर. म्हणजे आमचं सगळं ट्रेकिंग जिथे संपतं, तिथे हा ट्रेक सुरू होतो. हा आकडा मला आधी माहीत होता. त्याचा अर्थ माहीत नव्हता.

गाईड पन्नाशीचे, बुटके, गमबूट घातलेले. सगळे पोर्टर त्यांना 'म्झे' म्हणत. आपण एखाद्या वयस्कर माणसाला आदराने काका म्हणतो तसं. आम्हीही म्झेच म्हणायला लागलो. इथल्या बाकोंझो लोकांत मुलाचं नाव जन्माच्या क्रमावरून ठरतं, पहिल्याचं अमुक, दुसऱ्याचं तमुक. त्यामुळे आमच्या तुकडीत एकाच नावाचे तीन पोर्टर होते. टेस्टर म्हणाला, "युनिक की नाही राव यांच्याकडे." :)

पहिल्या संध्याकाळी न्याबिताबा हटमध्ये (२६५१ मीटर) म्झेंनी एक वही काढली आणि विचारलं, "डोकं दुखतंय का? जेवण किती गेलं? झोप कशी लागते?" आम्ही हसत हसत उत्तरं दिली. त्यांनी ती तारीख घालून लिहून घेतली. मग रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, हेच तीन प्रश्न. मला वाटलं पद्धत असेल, हॉटेलात 'स्टे कसा होता' विचारतात तसं.

दुसऱ्या दिवशी नदीवरचा झुलता पूल ओलांडला आणि बांबूचं रान लागलं. मग त्याच्याही वर गेलो आणि एका वेगळ्याच ग्रहावर पोचलो. हीदर नावाची जी झुडपं युरोपात गुडघ्याएवढी असतात, ती इथे दोन-दोन मजले उंच. फांदीफांदीवर शेवाळाची गादी आणि तिच्यावरून हिरवट दाढ्या लोंबताहेत. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद ते. पायाखाली जमीन कुठे, मुळं कुठे आणि नुसतं शेवाळ कुठे, ते पाय आत गेल्यावरच कळायचं. आणि पाऊस. जानेवारी म्हणजे इथला कोरडा हंगाम, पण 'कोरडा' हा शब्द रुवेंझोरीत फार सैल अर्थाने वापरतात. म्झे पुढे, एका लयीत, मागे न बघता. मध्येच नुसतं म्हणायचे, "म्पोला, म्पोला." हळूहळू. त्यांचा वेग बघून मला सुरुवातीला हसू यायचं. आपण लोकल पकडायला याच्या तिप्पट वेगाने चालतो.

तिसऱ्या दिवशी बिगो बॉग. ही दलदल म्हणजे रुवेंझोरीचा खरा पेपर. गवताचे मोठमोठे गड्डे, त्यांच्यामध्ये काळं पाणी. गड्ड्यावरून गड्ड्यावर उडी मारत जायचं, चुकलं की गमबुटाच्या वरपर्यंत आत. काही ठिकाणी लाकडी फळ्यांची वाट केली आहे, काही ठिकाणी ती फळीच दलदलीने गिळली आहे. मी तीनदा पडलो, टेस्टर पाचदा (त्याच्या मते चारदा). त्याच्या पुढे बुजुकूचं तळं, आणि तळ्याच्या आसपास ती झाडं ज्यांचे फोटो बघून आम्ही इथे आलो होतो. सेनेसिओ, म्हणजे खांबावर कोबी ठेवल्यासारखं झाड. वाळलेली पानं ते गळू देत नाही, खोडाभोवती गुंडाळून ठेवतं, गोधडीसारखी. कारण इथे रोज रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. लोबेलिया त्याहून हुशार. पानांच्या वाटीत पाणी धरून ठेवतो. रात्री वरचा थर गोठतो आणि आतला कोंब वाचतो. प्रत्येक झाडाने थंडीवर आपापला तोडगा काढलेला. हे सगळं मला अगदी स्पष्ट आठवतंय, कारण शांत डोक्याने पाहिलेली ही शेवटची गोष्ट.

बुजुकू हट ३९६२ मीटरवर आहे. आदल्या रात्रीचा मुक्काम साधारण ३४०० वर होता. तीन हजारच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे. आमचा कार्यक्रम पहिल्यापासूनच त्याच्या पुढे धावत होता. तो कागद मी स्वतः पाहून, दिवस वाचतात म्हणून खूश होऊन निवडला होता. सुट्टी मोजून मिळाली होती ना.

संध्याकाळी चारच्या सुमाराला डोकं दुखायला लागलं. आधी मागे, मानेच्या वर, मग कपाळभर. सूपचा वास नकोसा झाला. सहा वाजता म्झे वही घेऊन आले.

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"जेवण?"

"अर्ध्याहून जास्त."

"झोप?"

"मस्त."

मी हे इतक्या सहज का म्हणालो? याचा नंतर बराच विचार केला. पैसे भरले होते. सुट्टीसाठी मॅनेजरच्या दोन महिने मिनतवाऱ्या केल्या होत्या. सॅकमध्ये पुण्याच्या ग्रुपने दिलेला छोटा भगवा होता, शिखरावर फडकवायला. ही सगळी कारणं खरी आहेत, पण मुख्य कारण याहून साधं आहे. मला सवय आहे. गेली सहा वर्षं दर शुक्रवारी मी स्टेटस रिपोर्ट पाठवतो आणि त्यात रंग भरतो. आमच्याकडे त्याला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं, आतून लाल. लाल दाखवलं की मीटिंग लागते, प्रश्न येतात, वरचे लोक जागे होतात. हिरवं ठेवायचं आणि शनिवार-रविवार बसून गुपचूप आवरायचं. आवरतंही बऱ्याचदा. मला वाटलं हेही आवरेल.

त्या रात्री मी दोनदा उठून हटच्या मागे जाऊन उलटी करून आलो. अंधारात कुठेतरी हायरॅक्स ओरडत होते. दिसायला सशाएवढा प्राणी, नात्याने हत्तीचा चुलतभाऊ, आणि आवाज एखाद्याचा गळा दाबल्यासारखा. दुसऱ्यांदा परत आलो तर टेस्टर जागा होता.

"तू सांगणारेस का म्झेंना?" त्याने विचारलं.

"तू गप्प बस. उद्या बरं वाटेल."

तो गप्प बसला. आठ वर्षांत कुठलाही बग न लिहिता सोडलेला मी त्याला पाहिलेला नाही. हा एक सोडला.

सकाळच्या प्रश्नांना पुन्हा तीन हिरवी उत्तरं देऊन आम्ही निघालो. सेनेसिओची घळ, चिखल, लोखंडी शिड्या, मग नुसता ओला खडक. दुपारी एलेना हट, ४५४१ मीटर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्क्यांवर येतो. म्हणजे प्रत्येक श्वासाला ऑक्सिजन जवळपास निम्माच. बुटाची लेस सोडली की दम लागायचा. कार्यक्रम असा होता की रात्री दोनला उठायचं, आधी खडक, मग हिमनदी, क्रॅम्पॉन चढवून एका दोरीला सगळे बांधून घ्यायचे आणि सकाळी मार्गारिटा. फक्त ५६८ मीटर. म्हणजे पायथ्यापासून सिंहगड. आपण तो रविवारी पिठलं-भाकरीसाठी चढतो.

संध्याकाळी म्झे आले, पण वही काढली नाही. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "उभा राहा. या फळ्यांच्या सांध्यावरून चाल. टाच, मग तिला दुसऱ्या पायाचं बोट. दहा पावलं."

हसत उठलो. तीन पावलं नीट पडली. चौथं उजवीकडे गेलं. पाचव्याला मी भिंत धरली. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. हटमध्ये कोणी काही बोललं नाही. तोल जाणं म्हणजे नुसतं डोकं दुखणं नव्हे. मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण असू शकते, आणि त्यावर खरा उपाय एकच, खाली जाणं. सकाळी नाही, आत्ता.

"काल रात्री तुला बाहेर ओकताना पोर्टरने पाहिलं," म्झे म्हणाले. "मी आज दिवसभर वाट बघितली. म्हटलं हा स्वतः सांगेल."

मी काहीतरी पुटपुटलो. खूप खर्च झालाय, एवढ्या लांबून आलोय, एक गोळी घेतो आणि सकाळी बघू.

त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "मी तुला विचारतो ते फक्त तुझ्यासाठी नाही. उद्या दोरीला चार माणसं असणार होती. बर्फावर तू पडलास तर तिघांना ओढतोस. त्या तिघांना आधी माहीत हवं ना?"

त्या तिघांत टेस्टर होता. तो खाली बघत गमबुटावरचा चिखल खरवडत होता.

दहा मिनिटांत सामान बांधलं गेलं. म्झे आणि दोन पोर्टर माझ्याबरोबर, दुसरा गाईड टेस्टरबरोबर वर. दिवसभर ओझी वाहून ते दोघे पोर्टर नुकतेच कपडे वाळवत चुलीपाशी बसले होते. काही न बोलता त्यांनी ओले बूट पुन्हा घातले. माझ्या कमरेला दोर बांधून, हेडटॉर्चच्या उजेडात, दिवसा चढलेल्या त्याच शिड्यांवरून मला उतरवलं. प्रत्येक पायरीवर खालचा मुलगा माझा बूट हाताने धरून योग्य जागी ठेवत होता. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. एकदा माझा गमबूट त्याच्या बोटांवर पडला. तो फक्त "म्पोला" म्हणाला.

बुजुकूला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. पहाटे जाग आली तर भूक लागली होती. डोकं जड होतं, पण दुखत नव्हतं. आधी तीच फळीवरची चाल, दहाच्या दहा पावलं सरळ. मग म्झेंनी वही काढली आणि विचारलं, "डोकं दुखतंय का?"

"थोडं. उजवीकडे. काल संध्याकाळच्या चौथा हिस्सा."

त्यांनी लिहून घेतलं. मग पहिल्यांदाच हसले.

आकाश तेवढ्यात उघडलं होतं. वर काळा खडक आणि त्याच्या खांद्यावर पांढऱ्याचा एक तुकडा. टेस्टर तिथेच कुठेतरी असणार. आपल्याकडे ट्रेक अर्धवट राहिला की म्हणतात, डोंगर कुठे पळून चाललाय? मी म्झेंना इंग्रजीत तसंच काहीतरी म्हणालो. पुन्हा येईन, पर्वत इथेच आहे.

म्झे जरा वेळ बघत राहिले. "पर्वत राहील. बर्फाचं सांगू शकत नाही."

ते पोर्टर म्हणून पहिल्यांदा आले तेव्हा एलेनापासून जरा वर गेलं की बर्फ सुरू व्हायचं. आता आधी बराच वेळ उघड्या खडकावरून चढावं लागतं, आणि दर काही वर्षांनी वाट नव्याने शोधावी लागते. ज्या खडकावर ते पूर्वी क्रॅम्पॉन बांधायचे तिथे आता शेवाळ आलंय. बाकोंझो लोकांचा देव कितासांबा बर्फात राहतो. बर्फ गेलं की तो कुठे जाईल, असं गावातली म्हातारी माणसं विचारतात म्हणे. परत आल्यावर मी आकडे पाहिले. १९०६ च्या सुमाराला या सहा डोंगरांवर ४३ हिमनद्या होत्या, सगळ्या मिळून सातेक चौरस किलोमीटर. या शतकाच्या सुरुवातीलाच त्यातलं एक-दीड चौरस किलोमीटर उरलं होतं. आफ्रिकेतल्या जागतिक वारसास्थळांवरच्या हिमनद्या २०५० पर्यंत संपतील, असं युनेस्कोने २०२२ मध्ये सांगितलं.

त्या सकाळी हे आकडे मला माहीत नव्हते, म्झेंना वाट माहीत होती. "पुढच्या वर्षी ये, सगळं इथेच असेल" असं म्हणून मला बरं वाटवणं त्यांना किती सोपं होतं! मी त्यांच्या जागी असतो तर नक्की म्हणालो असतो. हिरवा रंग भरला असता.

दोन दिवसांनी न्याबिताबाला टेस्टर दुसऱ्या बाजूने, फ्रेशफील्ड खिंड ओलांडून, उतरून आला. नाक सोललेलं, दाढी वाढलेली. त्याने मार्गारिटा केलं होतं. भगवा माझ्याच सॅकमध्ये राहिला होता, त्या धांदलीत कोणाच्या लक्षातच आलं नाही. फोटो दाखवता दाखवता तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "त्या रात्री मी सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "मी सांगायला हवं होतं." मग दोघांनी मिळून एक अख्खा बिस्किटाचा पुडा संपवला. असो.

कोणी जाणार असाल तर दोन गोष्टी. बुजुकूला एक रात्र जास्त राहा, कार्यक्रमात नसेल तर भांडून घाला. आणि गाईडने वही काढली की उत्तर देण्याआधी जरा थांबा. मी एक रात्र जास्त धरून सुट्टीचा हिशोब मांडायला घेतलाय. टेस्टर म्हणतो तोही पुन्हा येईल, या वेळी माझ्यावर बग लिहायला.

आणि मावशी, तू हे वाचत असशील तर, नाही. वरपर्यंत नाही गेलो. एलेनापर्यंत गेलो. डोकं फार दुखत होतं.